राजपथावरची नाडीपरीक्षा

परवा माझ्या पायजम्याची नाडी तुटली. म्हणजे तशी ती गेली दोन वर्षं तुटतच होती, मी गाठी मारून वेळ निभावत होतो. पण प्रत्येक गाठीला नाडी बोटभर आखूड होते आणि पेन्शनीत पोट बोटभर पुढं येतं. दोघांची एक दिवस चुकामूक होणार हे ठरलेलंच होतं. ती झाली तेव्हा दारात गॅसवाला उभा होता, पण ते असो.

"नवी आणा," बायको म्हणाली. "दहा रुपयांची वस्तू. राजपथावर येताजाता मिळेल."

या 'येताजाता'वर विसंबून मी निघालो. त्यातून जे निघालं ते सांगण्याआधी बाहेरगावच्यांसाठी थोडा भूगोल.

साताऱ्यात रस्ते दोन. वरचा आणि खालचा. बाकी जे आहे ते बोळ. नगरपालिकेच्या लेखी वरचा तो राजपथ आणि खालचा तो कर्मवीर पथ, पण सातारकर वरच्यानं जातो आणि खालच्यानं येतो. वरच्या रस्त्यावरच्या दुकानात उधारी थकली असेल तर दोन्ही वेळा खालच्यानं. गावाला दोन रस्ते असण्याचा हा फायदा एकरस्ता गावांना कळायचा नाही. छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे शहर निगुतीनं सजवलं, चांगले रुंद रस्ते केले. इंग्रजांनी १८३९ साली त्यांना गादीवरून काढलं. त्या आरोपांत 'रस्ते रुंद केले' हा आरोप नव्हता. आज कुणी नुसतं 'रुंद करतो' म्हणाला, तर त्याला घालवायला पेठेतल्या व्यापाऱ्यांना तेवढं कारण पुरेल.

तर बँकेतलं काम उरकून मी पोवई नाक्यावरून राजपथाला लागलो. पहिल्याच वळणापर्यंत लक्षात आलं की मला नाडी सोडून काहीही मिळू शकतं. मोबाईलचं कव्हर मिळेल. त्या कव्हराच्या शेजारी दुसऱ्या रंगाचं कव्हर मिळेल. रक्त, लघवी आणि थुंकी तपासून मिळेल, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर. चष्मा मिळेल, एकावर एक फुकट, जणू मला डोळ्यांच्या दोन जोड्या आहेत. सोनं मिळेल, आणि त्याच्या बरोबर समोर तेच सोनं गहाण ठेवून पैसे मिळतील, म्हणजे मुलीच्या लग्नाचा येण्याजाण्याचा खर्च फक्त रस्ता ओलांडण्याचा. केस कापून मिळतील, पण 'स्टुडिओ'त. आमच्या लहानपणी स्टुडिओत फोटो निघायचे. तो फोटोवालाही आता फक्त पासपोर्ट साईज काढतो आणि उरलेल्या वेळात झेरॉक्स.

पाट्या मात्र मराठीत झाल्या आहेत. २०२२ साली कायदा कडक झाला, २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, आणि मायमराठी एकदाची पेठेत अवतरली. 'द अर्बन जंटलमन हेअर स्टुडिओ अँड अकॅडमी.' सगळं ठसठशीत देवनागरीत. माझ्या आईला इंग्रजी येत नव्हतं; ती आज असती तर तिला ही पाटी घडाघडा वाचता आली असती. कळली नसती, ती गोष्ट वेगळी.

या रस्त्यावरच्या एका गाळ्याचं चरित्र मी जवळून पाहिलं आहे. मी शाळेत होतो तेव्हा तिथं वह्या-पेन्सिली मिळायच्या. मग व्हिडिओ लायब्ररी आली. कॅसेट मागं न फिरवता परत केली तर दोन रुपये दंड. मग पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ. रात्री उशिरा दर उतरायचे म्हणून जेवणं उरकून लोक रांगेत उभे राहायचे आणि काचेच्या पेटीतल्या माणसाचं खासगी बोलणं नऊ जण कान देऊन ऐकायचे. मग सायबर कॅफे. बारावीच्या निकालाच्या दिवशी तिथं इतकी गर्दी असायची की नापास झालेल्याला रडायलाही जागा मिळत नसे. मग रिचार्ज. २०१६ साली जिओ आलं, लोकांच्या हातात इंटरनेट फुकट पडलं, आणि रिचार्जचा तो खुर्दा धंदा वर्षाच्या आत बसला. मग तीन महिने 'फॅक्टरी बंद पडल्यामुळे' असा एक सेल लागला होता. कुठली फॅक्टरी ते कुणी विचारलं नाही. आता तिथं चहा मिळतो. पाटीवर 'अमृततुल्य', खुर्च्या उंच, कप छोटा.

गंमत म्हणजे गल्ल्यावर पहिल्यापासून माणूस एकच. पेन्सिलीच्या वेळी त्याला मिसरूड फुटत होतं, रिचार्जच्या वेळी टक्कल पडलं. मी चहा घेता घेता त्याला विचारलं, "आता हे तरी टिकेल ना?"

"टिकंल की सर," तो म्हणाला. "चहा काय डाऊनलोड होत नाही."

एवढं बोलून त्यानं हळूच शेजारच्या गाळ्याकडे पाहिलं. तिथं दुसऱ्या अमृततुल्यचं फर्निचर चाललं होतं.

गाळे असे पटापट कूस बदलतात त्याला एक कारण भाडेपट्ट्याचं आहे. जुनी दुकानं तगली ती नुसती गिऱ्हाइकाच्या जिवावर नाही, भाड्याच्याही जिवावर. १९४७ च्या कायद्यानं भाडी गोठवली. १९९९ च्या नव्या कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढायची मुभा दिली, पण जिथं मुळात भाडं एका मिसळीएवढं, तिथं त्याचे चार टक्के म्हणजे फार तर मिसळीवरची शेव. त्यामुळे मालक वर राहतो, भाडेकरू खाली दुकान चालवतो, आणि दोघंही एकमेकांच्या तब्येतीची आस्थेनं चौकशी करतात. नवा माणूस येतो तो मात्र अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'वर. पहिले दोन महिने फर्निचर, मग उद्घाटन, नगरसेवक, फुगे. मग सहा महिने वाट पाहणं. मग 'जागा भाड्याने देणे आहे'. फुगे अजून वर छताला चिकटलेले असतात.

नाडीकडे वळतो.

पहिल्या प्रथम एका मोठ्या रेडिमेडवाल्याकडे शिरलो. आत इतका गारवा की नाडी नसलेल्या माणसानं तिथं फार वेळ थांबू नये. विक्रीचा मुलगा धावत आला. मी नाडी मागितली. त्यानं ती म्हणजे काय हे विचारलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

"काका, जॉगर घ्या ना. नाडी अटॅच येते."

"केवढ्याला?"

"सातशे नव्व्याण्णव."

नाल सापडला म्हणून घोडा घेणाऱ्याची गोष्ट ऐकली होती. मी तबेल्यातून बाहेर पडलो.

मग खणआळी. खणआळीचं बरं चाललंय. जोवर माणसं लग्नं करतात तोवर तिला मरण नाही, आणि अनुभवानं शहाणं होणं ही काही आपल्या समाजाची खोड नाही. तिथल्या बाईंनी मला चक्क नाड्याच दाखवल्या. लाल, मोरपंखी, सोनेरी, आणि प्रत्येकीच्या टोकाला काचेचे मणी, गोंडे, एकीला तर चक्क छोटे हत्ती.

"हे काय?"

"लटकन. लेहंग्याला लावतात. तुम्हाला कशाला हवी?"

खरं सांगायचं धैर्य झालं नाही. "पुतणीला," म्हणालो. हत्ती लटकावून पेपर आणायला गेलो असतो तर गल्लीनं काय म्हटलं असतं याचा विचार करतच मी बाहेर आलो, आणि समोरच्या जिन्यावर मला चक्क पाटी दिसली: 'नाडी'. पुढची अक्षरं झाडाच्या फांदीआड होती. मी जिना चढलो.

टेबलाशी एक हसतमुख मुलगी बसली होती.

"नाडी मिळेल का?"

"मिळेल की. पण सकाळी उपाशीपोटी यावं लागेल."

साताऱ्यातले काही दुकानदार तऱ्हेवाईक आहेत हे ठाऊक होतं, तरी ही अट नवी होती. मी म्हटलं, "लांबी किती असते?"

"पंधरा-वीस मिनिटं."

"अहो, तुटलीय माझी."

तिचं हसू मावळलं. तिनं मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि आत जाऊन वैद्यांना बोलावून आणलं. वैद्य सज्जन होते. मनगट हातात घेऊन म्हणाले, "चालू आहे हो. थोडी पित्तकर आहे." तपासणीचे पैसे घेतले नाहीत. पूर्ण पाटी 'नाडी परीक्षण केंद्र' अशी होती, ते उतरताना दिसलं.

शेवटी मी अण्णांकडे गेलो. खरं तर आधीच जायचं होतं. मोती चौकाच्या अलीकडे त्यांचं कटलरीचं दुकान. बाहेरच्यांना कटलरी म्हटलं की काटे-चमचे दिसतात. आमच्या भागात कटलरी म्हणजे बटणं, हूक, फिती, सुया, रिबिनी, गंगावनं आणि तत्सम. जे नसलं की अडतं आणि असलं की कुठं ठेवलंय ते सापडत नाही, असं सगळं. अण्णांच्या मागं भिंतभर पुठ्ठ्याचे खोके रचलेले आहेत आणि प्रत्येक खोक्याच्या दर्शनी बाजूला आतल्या मालाचा एक नमुना दोऱ्यानं टाचलेला. एक बटण, एक हूक, एक बक्कल. गेल्या चाळीस वर्षांत टाचलेलं एकही बटण कुणी बदललेलं नाही. आतली बटणं संपली, कंपनी संपली, तसले शर्ट संपले, पण नमुना जागेवर.

"नाडी आहे का, अण्णा?"

"आहे की." अण्णांच्या आवाजाला जुनी धार होती. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. "सुती, पांढरी, चांगली पीळदार आहे. अशी आता कुठं मिळायची नाही."

"मग द्या एक."

अण्णांनी छताकडे बोट केलं. "माळ्यावर आहे."

मी माळ्याकडे पाहिलं. माळ्याला टेकवलेली शिडी पाहिली. मग अण्णांचे गुडघे पाहिले, आणि त्यांनी माझे पाहिले. दुकानातला पोरगा दिवाळीनंतर शिरवळच्या कंपनीत लागला. तिथं पगार वेळेवर आणि दुपारी कँटीन. अण्णांचा मुलगा पुण्यात आयटीत. तो महिन्यातून एकदा येतो, पण तो माळ्यावर चढत नाही, त्याला धुळीची ॲलर्जी आहे.

"भाचा येतो संध्याकाळी. काढून ठेवतो. उद्या या."

दुसऱ्या दिवशी भाचा आला होता, पण शिडी शेजारच्या कॅफेनं दिव्यांच्या माळा लावायला नेली होती. तिसऱ्या दिवशी शिडी होती, भाचा होता, माळ्यावरचा बल्ब गेला होता. चौथ्या दिवशी भाच्यानं अंधारात चाचपून एक खोका काढला तो गंगावनाचा निघाला. अण्णांनी तो पुसून तसाच काऊंटरवर ठेवला, म्हणाले, "असू द्या, कुणी मागितलं तर." तोवर मी पायजम्याला सुतळी बांधून दिवस काढत होतो. सुतळीवर गॅसवाल्यानं तोंडानं काही टिप्पणी केली नाही, पण पाहिलं.

त्या रात्री मुलीचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. मी आपल्या पेठेचं कसं वाटोळं होत चाललंय यावर बोलत होतो. मॉल, ऑनलाईन, नोटबंदी, जीएसटी, कोरोना, सगळ्यांचे हिशेब काढत होतो. गेल्या दिवाळीचे कपडे आपण आनेवाडी आणि खेड शिवापूर असे दोन टोल भरून, खंबाटकी घाट ओलांडून, पुण्यातून आणले, आणि तिथं ज्या ब्रँडचा शर्ट घेतला त्याचं दुकान आमच्या पोवई नाक्यावरही आहे, हे बायकोनं मागून सांगितलं. सगळंच बोलायची गरज नव्हती. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, झाली ऑर्डर."

"कसली?"

"नाडी. बाराचा पॅक आहे, एक सुटी मिळत नाही. शुक्रवारी येईल."

मी पेठेच्या ऱ्हासावर बोलत असताना त्या पोरीनं तिकडं तेवढ्यात तो ऱ्हास पुढं नेला होता. मी रागावलो. पण बाराचा पॅक एकशे नव्व्याण्णवला म्हणजे नगाला किती, हा भागाकारही डोक्यात करून झाला होता.

शुक्रवारी दुपारी डिलिव्हरीच्या मुलाचा फोन आला. "काका, कुठं येऊ?"

"पाचशे एक पाटीला ये."

"तिथंच उभाय. पाटी दिसत नाय."

"पाटी नाहीये रे. नुसतं म्हणायचं." जुनी माणसं सांगतात की त्या कोपऱ्यावर ५०१ साबणाची मोठी पाटी होती. ज्या टाटा ऑइल मिल्सचा तो साबण, ती कंपनीच १९९३ साली हिंदुस्तान लिव्हरमध्ये विरघळली. फेस गेला, पाटी गेली, पत्ता राहिला. पण हे सगळं त्या मुलाला भर उन्हात कसं सांगणार? "बरं, डावीकडे व्हिडिओ लायब्ररी दिसतेय का?"

"नाय. चहाचं दुकान हाय."

"तेच. तिथून पुढं ये, भांड्याचं दुकान लागेल."

"हितं रक्त तपासायची लॅब हाय."

"तेच रे! त्या बोळात वळ. पिठाच्या गिरणीसमोर आमचा जिना."

"काका, समोर जिम हाय."

"तेच तर सांगतोय कधीचा!"

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो मुलगा अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "काका, तुमी लोकेशन टाका." सातारच्या पत्त्यांची ही तऱ्हा आहे. आम्ही माणसाला अस्तित्वात नसलेल्या दुकानांवरून अस्तित्वात असलेल्या घरी आणतो. इथं जन्मलेला सातारकर बरोबर पोचतो, उपग्रह चुकतो.

बारा नाड्या आल्या. पांढऱ्या, गुळगुळीत, नायलॉनमिश्रित. गाठ मारली की आपोआप सुटणाऱ्या.

आता अडचण निराळीच झाली. अण्णा रोज भाच्याला माळ्यावर चढवत होते आणि माझ्या घरी डझनभर नाड्या पडल्या होत्या. त्यांना तोंड कसं दाखवायचं? मी खालचा रस्ता धरला. जातानाही खालचा, येतानाही खालचा. उधारी एका पैशाची नव्हती, पण चाल अगदी उधारीवाल्याची. खालच्या रस्त्यावर मला दोन जुने मित्र भेटले. तेही बऱ्याच दिवसांपासून दोन्ही वेळा खालच्यानंच जात होते. कुणी कुणाला कारण विचारलं नाही.

पंधरा दिवस असे निघाले. मग एका संध्याकाळी राजवाड्यासमोर चौपाटीवर गेलो. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात आहे, पण चौपाटी आमच्याकडे आहे. भेळ खाताना पाणी दिसलंच पाहिजे असं थोडंच आहे? खरं सांगायचं तर सगळ्या पेठेत आता रात्री सगळ्यात जास्त धंदा या गाड्यांचाच. न भाडं, न माळा, न शिडी. मी भेळेचा पहिला घास घेतला आणि मागून खांद्यावर हात पडला.

"दिसला नाहीत इतक्यात," अण्णा म्हणाले. "काढून ठेवलीय. आठ दिवस झाले."

"गुडघा," मी म्हटलं. "चढ सोसत नाही ना वरच्या रस्त्याचा."

"चला, घेऊनच जा. दुकान उघडंय."

गेलो. काऊंटरवर तो खोका होता. दर्शनी बाजूला टाचलेली नाडी पिवळी पडली होती, पण आतल्या लडी पांढऱ्याशुभ्र. अण्णांनी एक लड सोडवली, काऊंटरच्या कडेला ठोकलेल्या पितळी पट्टीवर मोजली, मग माझ्याकडे एक नजर टाकून आणखी वीतभर वाढवली. कात्रीनं कापली. दोन्ही टोकांना गाठी मारल्या, "नाहीतर उसवते," म्हणाले. कागदात गुंडाळली, आणि आत एक सेफ्टी पिन टाकली. ओवायला. तिचे पैसे लावले नाहीत.

मी दहाची नोट शोधू लागलो तर त्यांनी क्यूआरची पाटी पुढं सरकवली. मी पैसे टाकले. कोपऱ्यातला डबा मोठ्यानं बोलला: दहा रुपये मिळाल्याचं त्यानं अख्ख्या मोती चौकाला कळवलं.

"पोरानं लावून दिलाय," अण्णा म्हणाले. "दिवसातून चार-पाच वेळा बोलतो. तेवढीच सोबत."

मग त्यांनी खोक्याला झाकण लावलं, हातानं त्यावरची धूळ पुसली आणि खोका वर न पाठवता काऊंटरवरच, गंगावनाच्या शेजारी, ठेवला. "आता खालीच राहू दे. लागेल तेव्हा या. माळ्याचं लचांड नको तुम्हाला."

त्याला पाच महिने झाले. दर महिन्याला पेन्शन जमा झाली की मी वरच्या रस्त्यानं जातो, चहा घेतो, वैद्यांच्या जिन्याखालून मान खाली घालून पुढं सटकतो आणि अण्णांकडून एक नाडी घेतो. तो डबा बोलतो, मग आम्ही थोडं बोलतो. घरी आता सोळा नाड्या आणि पाच सेफ्टी पिना शिल्लक आहेत. पायजमे तीनच, आणि त्यांतल्या दोघांना बायकोनं मधल्या काळात इलॅस्टिक घातलंय.